न घेतलेला पत्ता



कवीला आकाशवाणीवर बोलावलं, की तो पावसावर, आईवर नाहीतर मातृभाषेवर बोलतो, असा तुमचा अनुभव असेल. मला तर आणखी एक विषय ठरलेला असतो. मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता? गेली तीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देतो आहे. आज त्याला सुट्टी. आज मी पत्त्यांविषयी बोलणार आहे.

पत्ते आमच्या घरात तीनदा आले. पहिल्यांदा मी आणले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा माझ्या मुलीनं आणले, माझ्या मोबाइलमध्ये घालून. तिसऱ्यांदा ते माझ्या भाच्याच्या मागोमाग आले आणि तेव्हा त्यांनी घराची झोप उडवली. या तिन्ही वेळांची ही गोष्ट आहे.

माझे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या मांडवात रात्री जागरण असायचं आणि जागरणाला पत्ते असायचे. झब्बू, मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन. माझे दोस्त तिथं, म्हणून मीही तिथं. कुणीतरी मला एक जुना कॅट दिला. मी तो उशीखाली ठेवला आणि सकाळी तो अब्बांच्या हाती लागला. ते मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. कापड कापायची मोठी कात्री घेतली, माझ्यासमोर बसले आणि एकेक पत्ता मधोमध कापला. बावन्नच्या बावन्न. घाई नाही, राग नाही. गिऱ्हाइकाचं कापड कापावं तसं. मग म्हणाले, "पत्ते हातात आले, की काम हातातून जातं." बस्स, एवढंच.

जुगार आमच्याकडे हराम. कुरआनात त्यासाठी 'मैसिर' असा शब्द आहे. अरबीचे जाणकार त्याचं नातं 'सहज, सोपं' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. कष्टाविना सहज हाती आलेलं ते मैसिर. अब्बांना अरबी व्याकरण येत नव्हतं. पण शब्दाचा हा अर्थ त्यांनी कात्रीनं मला शिकवला. पैसे लावले नाहीत, तरी पत्ता म्हटलं की त्यांना जुगारच दिसायचा.

गंमत अशी, की या देशात पत्त्यांचा पहिला ठळक उल्लेख एका मुसलमान बादशहाच्या लेखणीतून येतो. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद 'बाबरनाम्या'त आहे. पुढं अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या गंजिफ्याचं वर्णन केलं. हाच गंजिफा आपल्या सावंतवाडीत आला, तेव्हा त्याच्यावर दशावतार बसले. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पत्ते, असे एकशेवीस गोल पत्ते. राजवाड्यात मी ते पाहिले आहेत. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे देव तळहातावर मावतात. नाव फारसी वळणाचं, चित्रं पुराणातली आणि रंगवणारे हात कोकणातले. पाहताना वाटलं, अब्बांना हे दाखवलं असतं तर कात्री थोडी अडखळली असती का? बहुधा नसती.

आता दुसरी वेळ. २०२२ साली माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मी साखर कारखान्याच्या गट ऑफिसात कारकून. रजा टाकून तीन आठवडे पलंगावर पडून होतो. पुस्तकं वाचून डोळे दुखायला लागले. मुलगी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "अब्बा, तुम्हाला एक खेळ देते. एकट्यानं खेळायचा. घाई नाही, घड्याळ नाही. विचार करत बसा." पैसे तिनं एकदाच भरले. पुन्हा त्या खेळानं आजतागायत माझ्याकडे एक रुपया मागितलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

खेळाचं नाव 'स्ले द स्पायर'. स्पायर म्हणजे निमुळता होत गेलेला उंच मनोरा. तो चढायचा आणि वाटेत राक्षसांशी लढायचं. अमेरिकेतल्या सिएटलच्या मेगा क्रिट या छोट्या कंपनीनं तो केला. अँथनी जिओव्हानेट्टी आणि केसी यानो ही त्या दोघा कर्त्यांची नावं. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी तो अपुरा असतानाच खेळणाऱ्यांच्या हाती दिला, त्यांच्याकडून तपासून घेतला आणि २०१९ च्या जानेवारीत पुरा केला. आपल्या साध्या मोबाइलवर तो २०२१ साली आला.

राक्षस म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. पण इथं तलवार हलवायची नसते, पत्ते टाकायचे असतात. सुरुवातीला दहा पत्ते मिळतात. पाच वार करायचे, चार ढालीचे आणि एक जोरदार ठोसा. दर डावाला पाच पत्ते हातात येतात. शक्तीचे फक्त तीन घास असतात. साध्या पत्त्याला एक घास लागतो, ठोशाला दोन. समोरचा राक्षस आता काय करणार, हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं. बारा गुणांचा वार येणार आहे. मग तुम्ही ढाल धरता, की त्याच्याआधी त्याला संपवता? पत्ते वाटण्यात नशीब आहे. पण पत्ते आल्यावर जो निर्णय घ्यायचा, तो तुमचा.

ठोसा बसलेला राक्षस काही काळ 'व्हल्नरेबल' होतो. त्याला नेहमीपेक्षा दीडपट लागतं. या शब्दाला मराठीत काय म्हणावं, यावर मी एक अख्खी दुपार घालवली. हळवा? भेद्य? शेवटी 'उघडा पडलेला' यावर थांबलो. कवी पलंगावर पडला तरी कवीच.

खरी गोष्ट लढाई संपल्यावर सुरू होते. दर लढाईनंतर खेळ तुमच्यापुढं तीन नवे पत्ते ठेवतो. त्यातला एक घ्यायचा. मी आनंदानं घ्यायचो. प्रत्येक पत्ता पहिल्यापेक्षा देखणा. आगीचा, लोखंडाचा, रक्ताचा. दहाचे पंधरा, पंधराचे पंचवीस, पंचवीसचे तीस झाले. मला वाटायचं, मी श्रीमंत होतो आहे. आणि मी मरायचो. पहिल्या टप्प्याच्या शेवटी जो मोठा राक्षस बसलेला असतो, त्यानं मला किती वेळा मारलं, ते सांगायची लाज वाटते. एकदा मेलं, की जमवलेले सगळे पत्ते गेले. पुन्हा तेच दहा.

मुलगी शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "अब्बा, खाली अजून एक बटण आहे. ते तुम्ही कधी दाबतच नाही." ते बटण होतं 'स्किप'चं. म्हणजे नको. तिन्हीतला एकही नको.

मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून कागद घेतला. दहा पत्ते असतील आणि दर डावाला पाच हातात येत असतील, तर तुमचा उत्तम पत्ता दर दोन डावांत एकदा हमखास येतो. तीस पत्ते झाले, की तोच पत्ता सहा डावांत एकदा येतो. सहा डाव राक्षस थोडाच थांबतो? म्हणजे घेतलेला प्रत्येक पत्ता आधीच्या चांगल्या पत्त्याला दूर ढकलतो. पत्ता स्वतः चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. हातातल्या पत्त्यांशी त्याचं जमतं का, हा प्रश्न आहे.

त्याहून पुढची गंमत सांगतो. वाटेत एक दुकानदार भेटतो. पत्ते विकतो, औषधं विकतो. आणि तुमच्याजवळचा एक पत्ता कायमचा काढून टाकण्याचेही पैसे घेतो. पहिल्यांदा ७५ मोहरा, आणि पुढं दरवेळी २५ जास्त. पैसे देऊन आपलीच वस्तू कमी करायची! आमच्या बाजारपेठेत असा दुकानदार बसला असता, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण जाणते खेळाडू आधी त्याच्याकडेच जातात.

ही कल्पना या खेळाच्या आधीची आहे. स्वतःचा संच खेळता खेळता घडवायचा, हा प्रकार रूढ केला तो 'डोमिनियन' नावाच्या बैठ्या खेळानं. डोनाल्ड एक्स. व्हॅक्कारिनो यांनी तो रचला. २००८ साली तो निघाला आणि २००९ साली त्याला जर्मनीतलं वर्षातल्या उत्तम खेळाचं पारितोषिक मिळालं. त्यातही सुरुवातीला दहाच पत्ते. सात तांब्याची नाणी, तीन जमिनीचे तुकडे. शेवटी जमिनीलाच गुण. पण तोपर्यंत ती हातात नुसती अडगळ. त्या खेळात एका पत्त्याचं नाव 'चॅपल' आहे, प्रार्थनेची छोटी जागा. तो टाकला, की हातातले चार पत्तेपर्यंत कायमचे सोडून देता येतात. प्रार्थनेच्या जागी जाऊन काही मागायचं नाही, सोडून यायचं. ज्यानं हे नाव दिलं त्याच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही. मला मात्र ते पटलं.

त्या वेळी माझ्या तिसऱ्या संग्रहाची फाइल टेबलावर पडून होती. एकशेचाळीस कविता. प्रकाशक मित्र म्हणत होता, साठ निवडून दे. मी चार वर्षं निवडत होतो. दरवेळी वाचायला बसलो, की प्रत्येक कवितेत काहीतरी चांगलं सापडायचं. गुडघा बरा झाला आणि मी एका रविवारी फाइल उघडली. ही कविता चांगली आहे का, असं विचारणं सोडून दिलं. ही राहिली तर कोणती दूर ढकलली जाईल, असं विचारत गेलो. संध्याकाळपर्यंत एकसष्ट उरल्या. एकसष्टावी अब्बांच्या कात्रीवरची आहे. ती नाही निघाली.

आता तिसरी वेळ, आणि ती सांगायला जड आहे.

माझ्या आपाचा मुलगा एका कारखान्यात कामाला होता. हुशार, हसतमुख पोरगा. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा. २०२५ च्या रमजानात सगळं उघड झालं. दोन लाख चाळीस हजार रुपये गेले होते. पगार गेला, मित्रांकडून उसने घेतलेले गेले, मोबाइलवरूनच काढलेलं कर्ज गेलं. शेवटी आपाच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि तेही तिला न सांगता. ईद झाल्यावर आपानं त्याला माझ्याकडे पाठवलं. "तू लिहिणारा माणूस आहेस, समजावून सांग."

मी रोज रात्री समजावत होतो. जेवण झालं की माझं व्याख्यान सुरू. अब्बांची कात्री मी त्याला चार वेळा तरी सांगितली असेल. तो खाली मान घालून ऐकायचा. आणि तो झोपला, की मी माडीवर जाऊन माझा मनोरा चढायचो. हेही सांगून टाकतो, की एका रात्री खेळता खेळता पहाटेची अजान कानावर आली, तेव्हा मोबाइल माझ्या हातातच होता.

एकदा रात्री पाणी प्यायला उठलेला भाचा वर आला. दिव्याशिवाय बसलेला मामा, चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड आणि पडद्यावर पत्ते. तो दारातच थांबला. म्हणाला, "मामू, तुमे बी?"

मी आयुष्यात अनेक टीका ऐकल्या आहेत. इतकी छोटी आणि इतकी खोल लागलेली दुसरी आठवत नाही. मी घाईघाईनं खुलासा करू लागलो. बाबा रे, यात पैसे नाहीत. हे वेगळं आहे. त्यानं शांतपणे विचारलं, "हरलात तर काय जातं?" म्हटलं, काही नाही. "जिंकलात तर काय मिळतं?" म्हटलं, काही नाही. "मग खेळता कशाला?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही.

पण त्या रात्री मी व्याख्यान दिलं नाही. त्याला शेजारी बसवलं आणि खेळ दाखवला. या खेळात काही शापाचे पत्ते आहेत. ते टाकता येत नाहीत, नुसते हातात येऊन जागा अडवतात. एक प्रसंग असा येतो, की साप भेटतो आणि म्हणतो, हे घे सोनं, १७५ मोहरा, फुकट. हो म्हटलं की सोनं मिळतं आणि संचात एक पत्ता येऊन बसतो, त्याचं नाव शंका. तो हातात राहिला, की तुमचे वार दुबळे पडतात. दुसरीकडे एक गयावया करणारा फिरस्ता भेटतो. त्याला लुटलं तर वस्तू मिळते आणि बरोबर लाज येते. लाज हातात राहिली, की तुमची ढाल कमजोर होते. आणखी एका ठिकाणी एक पेटी असते. उघडली तर आत भेट असते. पण तिच्याबरोबर पश्चात्ताप नावाचा पत्ता येतो. तो हातात असताना डाव संपला, की हातात जितके पत्ते उरले असतील तितका जीव कमी होतो.

हे पत्ते पाहताना तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आमच्याकडे पण साप होता. पहिल्या दिवशी बोनस दिला. हरलो की पुन्हा बोनस." थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, तुमच्या खेळात हरलं की खेळ संपतो. आमच्यात हरलं, की खरा खेळ सुरू व्हायचा. गेलेले परत आणायला."

मी महिनाभर जे सांगू पाहत होतो, ते त्याला माझ्याआधी कळलेलं होतं. त्याला समजावणारा माणूस नको होता. शंका, लाज आणि पश्चात्ताप हे तिन्ही पत्ते हातात धरून तो रोज माझ्यासमोर बसत होता. आणि मी व्याख्यानं देऊन त्यांत भर घालत होतो.

मग मी एक चूक केली. मोबाइल त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं, खेळून बघ, यात धोका नाही. त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "नको मामू. पत्ता दिसला, की अजून बोटं शिवशिवतात. पैशाचा असो की बिनपैशाचा." आणि खाली निघून गेला.

श्रोतेहो, जे बटण सापडायला मला इतक्या वेळा मरावं लागलं, ते त्या पोरानं माझ्यासमोर एका क्षणात दाबलं. कारण मी खेळात मरत होतो आणि तो खरोखरच मरून आलेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. भाच्याच्या मोबाइलवरची ती रमीही बंद पडली. पेपरात बातमी वाचून मी उत्साहानं त्याला दाखवली. त्यानं वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "खेळ बंद झाला. हप्ते नाही झाले." कायदा हवाच होता, तो दहा वर्षं आधी यायला हवा होता, असं मला वाटतं. पण शापाचा पत्ता काढायचा, तर दुकानदाराला मोहरा मोजाव्याच लागतात. आणि दर वेळी थोड्या जास्त.

आता तो आमच्याच गावात एका गॅरेजमध्ये काम करतो. जाणीवपूर्वक साधा, बटणांचा फोन वापरतो. शंभर पानी वहीत हप्ते लिहितो. पाटल्या सुटल्या आहेत. आपानं त्या हातात घातल्या नाहीत, पण त्या घरात आल्या आहेत. मोबाइलवरून काढलेल्या कर्जाचे अकरा हप्ते बाकी आहेत.

मी खेळ सोडला का, असं तुम्ही विचाराल. नाही. रविवारी दुपारी तासभर खेळतो. रात्री नाही, आणि तो घरात असताना कधीच नाही. अब्बा असते, तर त्यांनी मोबाइललाही कात्री लावली असती. आणि मी त्यांना तीन पत्ते आणि ते चौथं बटण दाखवायचा प्रयत्न केला असता. ते पाहत राहिले असते आणि म्हणाले असते, एवढं कळलं तर मग पहिला पत्ता उचललासच कशाला?

याचंही उत्तर माझ्याजवळ नाही. भाच्याचा पुढचा हप्ता पाच तारखेला आहे. पावती आणून तो माझ्या टेबलावर ठेवतो, काही बोलत नाही. मीही बोलत नाही. आम्हा दोघांचं आता तेवढ्यावर जमतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)